उत्तर समजण्यापुरती तुर्की

मी तुर्कस्तान पाहिलेले नाही. हे आरंभीच सांगणे योग्य, कारण पुढील मजकूर वाचून तसा समज होण्याचा संभव आहे. त्या देशाची भाषा मी नोकरीचा भाग म्हणून शिकलो, नोकरीचा भाग म्हणून वाचली आणि निवृत्तीनंतर इतरांना शिकवली. या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातील अनुभव मागितले, तेव्हा सैन्यातील काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. सैन्यात मी बंदूक चालवली ती सरावाच्या मैदानावर. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. जे आहे ते एका भाषेविषयी आहे आणि एका बाईविषयी आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यात सैन्यात जाणे ही विशेष गोष्ट नाही. मी शिक्षण शाखेत होतो. परदेशी भाषा शिकण्यासाठी नावे मागवली गेली. चिनी आणि रशियन भाषांच्या जागा आधीच भरल्या होत्या. तुर्की उरली होती, ती मला मिळाली. आवडीचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही उपस्थित केला नाही.

दिल्लीत आम्हांला शिकवणारी बाई मूळची तुर्की होती, लग्न होऊन इकडे आलेली. पहिले कित्येक दिवस तिने पुस्तक उघडू दिले नाही. ती दार उघडी आणि म्हणे, "कापियि आचियोरुम." मी दार उघडत आहे. मग आम्ही एकेक जण उठून दार उघडत असू आणि तेच म्हणत असू. मिशा पिकलेली माणसे दिवसभर दारे उघडत होती आणि लावत होती. बाहेरून जाणारे शिपाई थांबून पाहत. तिचे म्हणणे असे की, माणूस परक्या गावात गेला की काल काय घडले हे त्याला कोणी विचारत नाही. आता काय चालले आहे एवढेच विचारतात. म्हणून चालू वर्तमानकाळ आधी, बाकी सर्व मागाहून.

पुढे माझे काम एका खोलीत बसून तुर्की वर्तमानपत्रे वाचण्याचे होते. ती शिळी होऊन येत. त्यांतील उपयोगाचा मजकूर भाषांतरित करून वर पाठवायचा. वर तो कोणी वाचला की नाही, हे मला कधी कळले नाही. ज्या भाषेत तिकडे लोक भाजी घेतात, भांडतात, मुलांना रागावतात, ती भाषा मी सेवाकाळ संपेपर्यंत केवळ डोळ्यांनी वापरली.

निवृत्त होऊन रहिमतपूरला परतलो. पत्नी होती तोवर तिला जेवताना एखादे वाक्य ऐकवी. ती "पुरे" म्हणे आणि भात वाढी. ती गेली त्याला आता बराच काळ झाला. मुलगी लग्न होऊन दूर आहे. भाषा वापरली नाही तर गंजते, म्हणून घरात मी एक शिस्त ठेवली आहे. जे करीत असेन ते तुर्कीत मोठ्याने म्हणायचे. चहा गाळत आहे. खिडकी लावत आहे. धोतर वाळत घालत आहे. ऐकायला कोणी नसते. परंतु अशा वाक्यांना उत्तराची गरजही नसते. मी स्तोत्र म्हणतो अशी गल्लीतील लोकांची समजूत आहे. ती मी दूर केलेली नाही.

वर्ग सुरू झाला तो माझ्या एका जुन्या सोबत्यामुळे. तो माधवनगरला राहतो. तेथील कापडगिरण्या चालत होत्या त्या काळात त्याच्या वडिलांनी बांधलेली दुमजली इमारत आहे. खाली दुकान, वर एक मोकळी खोली. विट्याकडची मुले अलीकडे तुर्कस्तानात कामाला जात आहेत, त्यांना शिकव, असे त्याने सुचवले.

ही मुले गलाईवाल्यांची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खानापूर-आटपाडी भागातील माणसे पिढ्यान् पिढ्या देशभरातील शहरांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात. जुना दागिना असो की सोनाराच्या दुकानातील केराबरोबर झाडून निघालेला चुरा असो, तो मुशीत घालून वितळवायचा, तेजाबाने त्यातील हीण काढायचे आणि शुद्ध धातू परत करायचा. हीच गलाई. ही माणसे गावात बंगले बांधतात, त्यांना कुलूप लावून परमुलखात जातात आणि गावच्या यात्रेला येऊन कुलूप काढतात. मद्रासकडे गेली ती तमिळ शिकली, कलकत्त्याकडे गेली ती बंगाली शिकली. आता काही जण तुर्कस्तानातील गलाईच्या कारखान्यांत जाऊ लागले आहेत. दर मंगळवारी मी रहिमतपूरहून पॅसेंजरने माधवनगरला येऊ लागलो.

मराठी माणसाला तुर्की अवघड नाही. क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येते आणि विभक्ती नामाला मागून चिकटते. घर म्हणजे एव, घरात एव्दे, घरातून एव्देन, घरी एवे. 'बेन एवे गिदियोरुम' म्हणजे 'मी घरी जात आहे'. शब्दांचा क्रमही तोच. क्रिया चालू आहे हे दाखवायला धातूला 'योर' जोडायचे. हा तुकडा कधी बदलत नाही. त्याच्या आधीचा स्वर मात्र धातूतील स्वराकडे पाहून बदलतो, हे कानाने पकडावे लागते. 'योर'च्या पुढे कर्ता जोडायचा. गेलियोरुम, मी येत आहे. गेलियोरसुन, तू येत आहेस. तिसऱ्या माणसासाठी काहीच जोडायचे नाही. नुसते गेलियोर म्हटले की कोणीतरी येत आहे. तो की ती, हे भाषा सांगत नाही. गलाईची मुले यावर खूष असत. एकाने मला सांगितले, "लय झ्याक हाय वो सुभेदार. बाई का बाप्या, भानगडच न्हाई."

त्यांना घाई फार. महिन्याभरात बोलता आले पाहिजे, असे म्हणत. मुशीतील रस तयार झाला की नाही हे ओळखायला किती वर्षे लागली, असे मी विचारी. मग ती दार उघडण्यापासून सुरुवात करीत.

मुलांखेरीज इतरही आले. तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी होते. बेदाणा निवडण्याचे यंत्र घेण्यासाठी त्यांची एका तुर्की कारखानदाराशी संगणकाच्या पडद्यावर बोलणी चालत. बोलणी इंग्रजीत, पण मधेच समोरची माणसे आपसांत तुर्कीत बोलत. ती काय बोलतात एवढेच आपल्याला कळायला हवे, बोलता नाही आले तरी चालेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अभ्यास त्यांनी मन लावून केला. एका मंगळवारी खिन्न होऊन आले. अखेर सर्व कळले होते. एकाला भूक लागत होती, दुसऱ्याची बायको वाट पाहत होती, तिसऱ्याची गाडी सुरू होत नव्हती.

"माझ्याबद्दल एक शब्द न्हाई, सुभेदार," ते म्हणाले.

वाक्ये बरोबर कळली ना, असे मी विचारले. कळली, म्हणाले. मग तक्रार कशाची, हे मला समजले नाही. ते पुन्हा आले नाहीत. यंत्र मात्र घेतले, असे ऐकले.

गेल्या वर्षी पावसाळा ओसरत असताना शालनताई आली. पन्नाशीची बाई, विट्याजवळच्या एका गावची. वर्गातील मुले चटई सोडून भिंतीला सरकली. ती उभी राहूनच बोलली. तिचा मुलगा धनाजी तुर्कस्तानात एका गलाईच्या कारखान्यात आहे. तो तिच्याशी बोलत नाही. तिचा फोन घेत नाही. कारखान्याच्या मालकाचा नंबर तिने तेथून परतलेल्या एका मुलाकडून मिळवला आहे. त्या नंबरावर बोलण्यापुरते तिला शिकवावे.

मी म्हणालो, नंबर द्या, मी आत्ता विचारतो. पाच मिनिटांचे काम आहे.

"तुमी इचारशीला," ती म्हणाली, "आनि मग मला सांगशीला. ते नगं."

"मी खोटे सांगणार नाही."

"समदी चांगलीच मानसं हायती. माजा दीरबी चांगला हाय. धना बरा हाय, काम लय हाय म्हनून सांगतो. मला माज्या कानानं ऐकायचं हाय."

ती तेवढ्याने थांबली नाही. मुलगा कसा आहे, एवढा एक प्रश्न पाठ करून द्या, म्हणाली. तोच मी फोनवर म्हणते आणि झाले. याला मी नकार दिला. भाषा शिकताना ही चूक सर्वच करतात. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर पाठ करता येत नाही. समोरचा माणूस काय बोलेल हे त्याच्या मर्जीवर असते. नीट विचारलेला प्रश्न ऐकून त्याला वाटते, हिला भाषा येते; मग तो वेगाने बोलतो आणि विचारणारा उघडा पडतो. उत्तर समजण्यापुरती भाषा शिकायची असेल तर बसा, त्याला काही महिने लागतील, असे मी सांगितले.

तिने खोलीत नजर फिरवली. "बसू कुटं?" म्हणाली.

ती सातवीपर्यंत शिकलेली होती. लिहून घेत नसे. माझा आवाज मोबाइलमध्ये भरून नेई आणि एस.टी.त ऐकत जाई. माझी पद्धत तीच, दिल्लीच्या बाईची. जे करीत असाल ते म्हणा. पुढच्या मंगळवारी काय काय म्हटले ते विचारले. तिने सांगितले की सगळे म्हशीला ऐकवले. धार काढत आहे, पाणी दाखवत आहे, वैरण टाकत आहे. जाऊ दारात येऊन उभी राहिली आणि हिला झपाटले की काय म्हणून अंगारा आणायला निघाली.

"म्हैस काय म्हणाली?" मी विचारले. वर्गात मी सहसा विनोद करीत नाही.

"मान हलीवती की. तुमी तेवडंबी करत न्हाई."

मुले हसली. मी पुढचा धातू घेतला.

स्वयंपाकघरातील शब्दांनी तिला हुरूप आला. तवा म्हणजे तावा, साबण म्हणजे साबून, पडदा म्हणजे पेर्दे. "ह्ये आपलंच उचलल्यालं दिसतंय," ती म्हणाली. दोघांनी एकाच ठिकाणाहून उचलले आहे, असे मी सांगितले. दिवाळीपर्यंत ती विचारण्याची आणि नाकारण्याची रूपे शिकली. गेलियोर मू, येत आहे का? गेल्मियोर, येत नाही. मधे एक 'मि' घातला की सारे फिरते, हे तिने इतरांपेक्षा लवकर पकडले. 'आनलामियोरुम', मला समजत नाही, हे वाक्य मी सर्वांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. ते म्हणायला मोठ्या माणसांना जड जाते. तिला गेले नाही.

एक धातू मात्र ती म्हणत नव्हती. त्या दिवशी मी नेहमीच्या क्रिया घेत होतो. खात आहे, पीत आहे, बसला आहे. सर्व जण एकापाठोपाठ म्हणत. 'उयुयोर', झोपला आहे, हा शब्द आला की तिचे तोंड बंद. प्रथम मला वाटले, उच्चार जमत नसेल. तिच्या एकटीकडून म्हणवून घेऊ पाहिले. तिने खाली पाहिले. मी जरा कठोरपणे म्हणालो की फोनवर हाच शब्द आला तर काय करणार? मुलगा झोपला आहे, असे कोणी म्हणाले तर? ती उठून खाली निघून गेली.

वर्ग संपल्यावर मी खाली आलो तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. तेथे तिने मला सांगितले.

तिचा नवरा, ज्याला सर्व जण आप्पा म्हणत, दक्षिणेतील एका शहरात गलाईचे दुकान चालवी. आजारी पडून गावी आला. धनाजी तेव्हा तुर्कस्तानात जाऊन थोडेच दिवस झाले होते. कागदपत्रे व्हायची होती, मधेच निघाला असता तर पुन्हा जाता आले नसते. तो रोज संध्याकाळी फोन करी आणि आप्पाशी बोले. आप्पा एका सोमवारी पहाटे गेला. घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवले की पोराला आत्ता सांगू नये. परक्या मुलखात एकटा आहे, ऐकून काय करून घेईल. तेरावे होऊ द्या, मग कोणीतरी समजुतीने सांगेल. आमच्या भागात हा रिवाजच आहे. मेलेल्या माणसाला आजारी म्हणायचे आणि दूरच्याला प्रवास सुखाने करू द्यायचा. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मलाही सैन्यात असताना वडिलांच्या वेळी 'प्रकृती गंभीर' एवढेच कळवले होते.

धनाजीचा संध्याकाळी फोन आला. आप्पाला दे, म्हणाला. शालनताई म्हणाली, झोपल्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. झोपल्यात. औषधाने झोप लागते, म्हणाली. असे रोज चालले. घरात सुतक, दारात माणसे, आणि ती फोन घेऊन मागच्या परड्यात जाऊन हेच सांगत राहिली.

दशक्रियेच्या दिवशी गावातील कोणी एकाने श्रद्धांजलीच्या फलकाचा फोटो मोबाइलवर सर्वांना पाठवला. त्यात कोणाचा दोष नव्हता. तो फलक चौकातच लावला होता. धनाजीने तो पाहिला. त्या संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता, असे ती म्हणाली.

"म्हनला, आये, आप्पा अजून झोपल्यात का? मी म्हनलं, व्हय रं, झोपल्यात. तवा त्यानं ठेवला. त्यो शेवटचा."

ती रडली नाही. पदराने पायरीवरची धूळ झटकत होती. मग म्हणाली, "आता समदी मला सांगत्यात, धना बरा हाय. आसं सांगायचं कसं असतंय, ते मला ठावं हाय, सुभेदार."

मी धीराचे काही बोललो असतो तरी तिने त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. पुढच्या मंगळवारी मी तोच धातू पुन्हा घेतला. तिने तो म्हटला. इतरांपेक्षा जरा मोठ्याने म्हटला.

थंडी संपताना तिने फोन करायचे ठरवले. आपली दुपार कलते तेव्हा तिकडे जेवणाची वेळ असते. भट्टी जरा शांत असते. मी मुलांना लवकर सोडले. तिने मोबाइलचा आवाज मोठा केला आणि तो चटईवर ठेवला. मालकाने फोन घेतला. तिने आपले वाक्य नीट म्हटले, 'बेन धनाजीनिन आन्नेसियिम', मी धनाजीची आई आहे. त्यावर तो माणूस जे बोलत सुटला, त्यातील निम्मे मलाही प्रथम कळले नाही. मी त्या भाषेचा असा वेग पूर्वी ऐकलेला नव्हता. तिने घाबरून फोन बंद केला. 'यावाश कोनुशुन', हळू बोला, हे वाक्य मी तिला शिकवले नव्हते. वर्तमानपत्रे हळूच बोलतात, त्यामुळे मला स्वतःला त्याची गरज कधी पडली नव्हती.

ते शिकवले आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बसलो.

या वेळी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मालकाची आई. ती कारखान्याच्या पुढच्या खोलीतच बसते, असे नंतर कळले. शालनताईने आपण कोण ते सांगितले आणि हळू बोलण्याची विनंती केली. मग म्हातारी खरोखरच हळू बोलू लागली, लहान मुलाला घास भरवताना बोलतात तशी.

धनाजी काय करीत आहे? 'चालिशियोर.' काम करीत आहे. जेवतो का? 'यियोर,' म्हातारी म्हणाली. आणि मग आणखी काही म्हणाली. शालनताईने समजत नसल्याचे सांगितले. म्हातारीने दोनच शब्द ठेवले. 'आझ यियोर.' थोडे जेवतो.

शालनताईला 'आझ' माहीत होते. वैरण कमी पडली की ती म्हशीला तेच म्हणे. तिने माझ्याकडे पाहिले. मी चेहरा तसाच ठेवला. तिला प्रथमच कोणीतरी मुलगा बरा आहे असे न सांगता दुसरे काही सांगितले होते. तिने मान हलवली, जणू म्हातारी समोर बसली होती.

मग ती म्हणाली, त्याच्याशी बोलायचे आहे. 'कोनुश्माक इस्तियोरुम.' म्हातारीने मागे वळून हाक मारली. काही बोलणे झाले, ते दुरून येत होते. ती परत आली आणि म्हणाली, 'इस्तेमियोर.'

त्याची इच्छा नाही. याचा अर्थ तिला समजायला वेळ लागला नाही. मी तिला तो शब्द स्वतःच शिकवला होता, दारे उघडण्याच्या दिवसांत, चहा नको असेल तर म्हणायला.

"आनलियोरुम," ती म्हणाली. समजते आहे.

मला वाटले, आता ती फोन ठेवील. तिने ठेवला नाही. म्हणाली, "बेक्लियोरुम." मी थांबले आहे. पलीकडून भट्टीच्या पंख्याची घरघर येत होती, मधूनच धातूवर धातू पडल्याचा आवाज. तो आवाज तिच्या ओळखीचा होता; लग्नानंतर कित्येक वर्षे नवऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत राहून तिने तोच ऐकला होता. ती फोनवर वाकून बसली. बराच वेळ गेला. कोणाचीतरी पावले जवळ आल्यासारखी वाटली आणि थांबली.

मग म्हातारी अगदी दबक्या आवाजात एक शब्द म्हणाली. "दिन्लियोर."

हा शब्द मी शिकवलेला नव्हता. शालनताईने माझ्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत न समजलेल्या एकाही शब्दाचा अर्थ तिने मला विचारला नव्हता, तो स्वतः ओळखेपर्यंत अडून बसे. आता तसा वेळ नव्हता.

"ऐकत आहे," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी खरे सांगतो आहे की चांगला माणूस म्हणून सांगतो आहे, याचा ती विचार करीत असावी. मीही तिच्याकडे पाहिले. नोकरीत मी असंख्य पाने भाषांतरित केली. एका शब्दासाठी माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

ती फोनकडे वळली आणि मराठीत बोलू लागली.

"धना, आप्पा सोमवारी पहाटं गेलं. तू सांजंला फोन केलास तवा त्यास्नी पोचवून येऊन समदी मानसं दारात बसली व्हती. झोपलं न्हवतं रं. मी परड्यात हुबी राहून तुला खोटं सांगितलं. आता कसं झालं त्ये समदं सांगते. तू बोलू नगंस. नुसतं आईक."

मी उठलो आणि दार लावून घेत बाहेर जिन्यात आलो. जे पुढे ती बोलणार होती ते मला समजणाऱ्या भाषेत होते, परंतु माझ्यासाठी नव्हते. खाली दुकानात कोणी कापड फाडून देत होते. दाराआडून तिचा आवाज एकसारखा येत राहिला. शब्द कळत नव्हते. तो आवाज चढला नाही, तुटला नाही. एकदा ती थांबली, आणि मी जिन्याचा कठडा धरला. पण ती पुन्हा बोलू लागली. आप्पाने शेवटी काय मागितले, कोणाचे नाव घेतले, कोणी खांदा दिला, हे ती सांगत असावी, असे मी धरून चाललो. मला ते ठाऊक नाही.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मी विचारले, तो बोलला का?

"न्हाई."

ती चपला घालू लागली. एक चप्पल उलटी पडली होती, ती पायानेच सरळ केली.

"पर ठेवला न्हाई त्यानं," ती म्हणाली. "समदं आईकलं. मीच ठेवला, म्हनलं आता जेव जा."

आम्ही एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत आलो. पुढच्या मंगळवारी येणार का, असे मी विचारले नाही. तिला हवे होते तेवढे तिला आले होते. विट्याची गाडी आधी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मोबाइल पिशवीत न टाकता मांडीवर ठेवला. माझ्या पॅसेंजरला अजून अवकाश होता.